सांगणारा आणि सांगणे
(मासिक स्वाध्याय)



गेल्या महिन्याच्या स्वाध्यायात आपण श्रवणभक्तीविषयी बोललो. ऐकावे कसे, हा विषय होता. शेवटी एका आजींनी विचारले, "ऐकावं कसं ते कळलं. पण ऐकावं कोणाचं? सांगणारा स्वतःच तसा वागत नसेल तर?" आरतीची वेळ झाली होती, म्हणून तो प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर या अंकात माझ्या कुवतीप्रमाणे देतो.

उदाहरण म्हणून मी हवामानबदलाचा विषय घेतला आहे. सांगणारा आणि सांगणे यांची गल्लत या विषयात फार होते. शिवाय ती गल्लत मी स्वतः, या मंदिराच्या सभागृहात, सर्वांसमोर केली आहे. तिची किंमत माझ्या घराने मोजली. म्हणून आधी तेच सांगतो.

माझी चूक

२०२२ च्या जुलैच्या सुरुवातीची गोष्ट. रविवारच्या आरतीनंतर आपल्या सेवा-गटातला एक तरुण ज्येष्ठांशी बोलायला उभा राहिला. पृथ्वी कशी तापते आहे, या देशातही आता भारतासारखे ऊन कसे पडणार आहे आणि अशा दिवसांत वयस्कर माणसांनी काय काळजी घ्यावी, हे तो सांगत होता. त्याने एक कागदही छापून आणला होता.

मी मध्येच उभा राहिलो. म्हणालो, "अरे, मागच्याच आठवड्यात तू विमानानं स्पेनला जाऊन आलास ना? आणि बाहेर उभी आहे ती मोठी डिझेलची गाडी कोणाची? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

सभागृह हसले. मलाही बरे वाटले. त्या मुलाचा चेहरा उतरला. त्याने दोन वाक्यांत बोलणे संपवले आणि कागद चपलांच्या मांडणीजवळ ठेवून दिले. मी माझा कागद घडी करून खिशात टाकला, वाचला नाही.

१९ जुलैला लिंकनशरमधील कॉनिंग्स्बी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. या देशात पारा ४० च्या वर जाण्याची ती पहिलीच वेळ. आधीचा उच्चांक २०१९ साली केंब्रिजचा ३८.७ अंशांचा होता. हवामान खात्याने अतिउष्णतेचा लाल इशाराही तेव्हा प्रथमच दिला होता. मी मात्र म्हणत होतो, "सातारच्या माणसाला उन्हाचं काय सांगता!"

त्या दुपारी मी घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, वारा खेळावा म्हणून. गावाकडे आपण तसेच करत असू. पण आमचे इथले घर विटांचे, थंडीत ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेले. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असताना खिडकी उघडली की ऊन घरात येते आणि मग रात्रीही बाहेर जात नाही. माझ्या पत्नीला रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू आहे. तिने सकाळपासून दोन कप चहाखेरीज काही घेतले नव्हते. तहानच लागली नाही म्हणाली. चारच्या सुमारास ती स्वयंपाकघरात पडली. उठवले तर मला ओळखत होती, पण आपण कोणत्या गावात आहोत हे तिला सांगता येईना.

मी ९९९ ला फोन केला. रुग्णवाहिकेची वाट पाहत असताना घरचा फोन वाजला. तोच मुलगा होता. लाल इशारा असल्यामुळे आपल्या यादीतल्या प्रत्येक ज्येष्ठाला तो फोन करत होता. ज्याने आपली चारचौघांत थट्टा केली, त्याचे नावही त्याने यादीतून वगळले नव्हते. वीस मिनिटांत तो दारात हजर झाला. पत्नी रुग्णवाहिकेतून गेली आणि मी तिच्या मागोमाग इस्पितळात गेलो, तो त्याच डिझेलच्या गाडीतून.

देवाच्या कृपेने दोन रात्रींनंतर ती घरी आली. आज ती शेजारी बसून या लेखातल्या माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढते आहे. पण सगळ्यांचे असे झाले नाही. त्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या लाटांत इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा सुमारे ३ हजार मृत्यू अधिक झाले, असा सरकारी आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य आपल्याच वयाचे होते.

ती इस्पितळात असताना खिशातला तो कागद मी वाचला. त्यात पाच सूचना होत्या. त्यांतल्या तीन बाबतींत मी नेमके उलटे वागलो होतो.

मिथिलेतला मांसविक्रेता

महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाची कथा आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती कीर्तनात ऐकली असेल. झाडाखाली बसला असताना एका बगळीची विष्ठा त्याच्या अंगावर पडली. त्याने रागाने वर पाहिले आणि ती बगळी मरून पडली. पुढे तो भिक्षेला एका घरी गेला. त्या घरची गृहिणी पतीच्या सेवेत गुंतली होती, म्हणून त्याला थांबावे लागले. तो रागावला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली की मी काही ती बगळी नाही. धर्म समजून घ्यायचा असेल तर मिथिलेला जा, असे तिने सांगितले.

मिथिलेत कौशिकाला भेटला तो बाजारात मांस विकायला बसलेला व्याध. कौशिकाच्या मनात तेच आले, जे माझ्या मनात त्या रविवारी आले होते. त्याने विचारलेही की हे काम तुम्हाला शोभते का? व्याधाने ते नाकारले नाही. आपले काम कठोर आहे, हे त्याने मान्य केले. ते आपल्याकडे कसे आले आणि त्यात राहूनही आपण कोणते नियम पाळतो, तेही सांगितले. मग तो धर्माविषयी बोलला आणि कौशिक ऐकत राहिला. शेवटी व्याधाने त्याला त्याचीच चूक दाखवली. वेदाध्ययनासाठी तू म्हाताऱ्या आईवडिलांना सोडून आलास. आता परत जा आणि त्यांची सेवा कर. कौशिक परत गेला.

मांसाच्या दुकानाकडे बघून तो मागे फिरला असता, तर व्याधाचे काही बिघडले नसते. कौशिकाचे आईवडील मात्र तसेच राहिले असते.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यावर नाथमहाराजांनी मराठीत विस्ताराने लिहिले आहे. त्या चोवीसांत अजगर आहे, मधमाशी आहे, पिंगला नावाची वेश्याही आहे. अवधूताने त्यांच्यातील कोणाच्या चारित्र्याचा दाखला मागितला नाही. प्रत्येकाकडून जे घेण्यासारखे होते, तेवढे घेतले.

आप्त कोणाला म्हणावे?

आपल्या न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे. असा विश्वासू माणूस, म्हणजे आप्त, कोणाला म्हणावे? वात्स्यायनांच्या भाष्याप्रमाणे ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखीच लागू आहे, असेही ते म्हणतात.

यातले दोनच निकष पाहा. माणसाला विषय ठाऊक आहे का? आणि तो खोटे तर सांगत नाही ना? तो काय खातो, कोणत्या गाडीतून फिरतो, त्याचे घर केवढे आहे, हे निकष त्यात नाहीत.

याच देशातले एक उदाहरण देतो. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. डॉल स्वतः सिगारेट ओढत असत. अभ्यासाचे निष्कर्ष दिसू लागल्यावर त्यांनी ती सोडली. समजा, सोडली नसती. तर इस्पितळातल्या रुग्णांची आकडेवारी बदलली असती का? पुढे १९५१ साली त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच त्यांच्या सवयींविषयी विचारले. सुमारे ४० हजार डॉक्टरांनी उत्तरे पाठवली. त्यांच्यातही सिगारेट ओढणारे पुष्कळ होते. सिगारेट ओढणारा डॉक्टर "सिगारेट वाईट" म्हणाला, तर आपण हसू. पण हसण्याने आपले फुप्फुस वाचत नाही.

एका घराचे वीजबिल

आता मूळ विषयाकडे येतो. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचा 'अॅन इन्कन्व्हिनियंट ट्रूथ' हा माहितीपट २००६ साली आला. २००७ च्या फेब्रुवारीत त्याला ऑस्कर मिळाले. लगेच त्यांच्याच टेनेसी राज्यातल्या एका संस्थेने त्यांच्या नॅशव्हिलच्या घराचे वीजबिल जाहीर केले. २००६ साली त्या घरात सुमारे २ लाख २१ हजार युनिट वीज वापरली गेली होती, म्हणजे सरासरी अमेरिकन घराच्या वीसपट. गोर यांच्या बाजूने उत्तर आले की पतिपत्नी दोघांची कार्यालयेही त्याच घरात आहेत आणि जास्तीचे पैसे भरून हरित वीज घेतली जाते. पुढे त्या घरावर सौरपट्ट्या बसल्या, जमिनीतल्या उष्णतेवर चालणारी यंत्रणा आली. तरीही वीसपट हा आकडा लोकांच्या लक्षात राहिला. मीही तो अनेकदा चवीने सांगितला आहे.

या टीकेत चूक काय? टीका खोटी नव्हती. एवढी वीज वापरणाऱ्याने इतरांना काटकसर शिकवावी, याचा राग येणे साहजिक आहे. चूक पुढच्या पायरीवर होते. "गोर यांचे वागणे बोलण्यासारखे नाही" इथून आपण एका उडीत "म्हणून पृथ्वी तापत नाही" इथे पोचतो. या दोन वाक्यांमध्ये कसलाही पूल नाही. २००६ साली हवाईमधील मौना लोआ पर्वतावरच्या वेधशाळेत हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे ३८२ भाग इतका होता. त्या उपकरणाला नॅशव्हिलचे बिल ठाऊक नव्हते.

२००७ साली त्याच माहितीपटाची दुसऱ्या तऱ्हेनेही तपासणी झाली. ती योग्य तऱ्हा होती. इंग्लंडच्या माध्यमिक शाळांना तो दाखवण्यासाठी देण्यात आला होता. त्याविरुद्ध केंटमधले एक पालक लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००७ मध्ये न्यायमूर्ती बर्टन यांनी निकाल दिला. माहितीपटातली मुख्य शास्त्रीय विधाने भक्कम आधारावर उभी आहेत, असे त्यांनी म्हटले. पण नऊ ठिकाणी तो मान्य शास्त्राच्या पुढे गेला आहे, असेही दाखवले. समुद्र वीस फूट चढेल हे चित्र जणू लवकरच घडणार असल्यासारखे उभे केले आहे. तसे व्हायला फार मोठा, हजारो वर्षांचा काळ लागेल, हा त्यांतला एक मुद्दा. शिक्षकांना मार्गदर्शक टिपणे देऊन माहितीपट दाखवता येईल, असा निर्णय झाला.

वीजबिल काढणाऱ्यांनी माणूस तपासला. न्यायालयाने म्हणणे तपासले. म्हणणे तपासल्यावर त्यातले दूध आणि पाणी वेगळे झाले. माणूस तपासल्यावर हाती फक्त माणूस लागला.

मग म्हणणे तपासायचे कसे?

"आम्ही शास्त्रज्ञ नाही, आम्ही कसे तपासणार?" असे कोणी म्हणेल. मीही नाही. पण हे ज्ञान कोणा एकाच्या शब्दावर उभे नाही, एवढे आपल्याला पाहता येते.

१८५६ साली युनिस फूट या अमेरिकन स्त्रीने काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली. तिचा निबंध सभेत दुसऱ्याने वाचला आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षे तिचे नाव विस्मृतीत गेले. १८५९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी कोणते वायू उष्णता शोषतात ते मोजायला सुरुवात केली. १८९६ साली स्वीडनच्या स्वान्ते अर्हेनियस यांनी हवेत हा वायू वाढला तर तापमान किती वाढेल याचे गणित मांडले. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी मौना लोआवर नोंदी ठेवल्या. तेव्हा आकडा सुमारे ३१५ होता. २०२४ साली तो ४२० च्या वर होता. कारखान्यांचे युग सुरू होण्याआधी तो सुमारे २८० होता.

हा जादा वायू आपल्याच धुराड्यांतून आला हे कशावरून? कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिल्यामुळे त्यांच्यात किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो. हवेतला कार्बन तपासला, तर त्या जुन्या कार्बनची भेसळ वाढत गेलेली दिसते. सूर्यच जास्त तापला असेल का? तसे असते तर हवेचे खालचे आणि वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि खूप वरचा थर थंड होतो आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्राचे ठरलेले उदाहरण. इथे तर धूरही आपण मोजला आहे आणि सरपण कोणते तेही ओळखले आहे.

यात अमेरिकन आहेत, आयरिश आहेत, स्वीडिश आहेत. एक स्त्री आहे. काळ पावणेदोनशे वर्षांचा आहे. त्यांतल्या कोणाचा स्वभाव कसा होता, कोणाचे घर केवढे होते, याने एकाही मोजमापात फरक पडत नाही. एकाने सांगितले म्हणून नव्हे, तर एकमेकांना न ओळखणाऱ्यांची मोजमापे जुळली म्हणून हे मानायचे.

एक सावधगिरीही हवी. प्रत्येक संकटाचे खापर हवामानबदलावर फोडू नये. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली. आपल्यापैकी कित्येकांनी ते दिवस फोनला चिकटून काढले. नदी, डोंगरउतार, बांधकाम अशी कारणे त्यात गुंतलेली असतात. एवढे मात्र पक्के की एका अंशाने तापलेली हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून पडतो तेव्हा पाऊस अधिक जोराने पडू शकतो. २०२२ च्या आपल्या इथल्या लाटेविषयी मात्र शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने हिशेब केला. हवामानबदलामुळे अशी लाट येण्याची शक्यता किमान दहापट वाढली होती, असे त्यांना आढळले.

वागणे कुठे मोजायचे?

मग सांगणाऱ्याच्या वागण्याला काहीच किंमत नाही का? आहे. ती योग्य ठिकाणी लावायला हवी.

"पृथ्वी तापते आहे" हे एक वाक्य. "तुम्ही विमानाने जाऊ नका" हे दुसरे. पहिले खरे की खोटे हे थर्मामीटर ठरवतो. दुसऱ्या वाक्यात मात्र तो माझ्याकडून काही मागतो आहे. तिथे मी विचारू शकतो, "बाबा रे, हे ओझं तूही उचलतोस का?" हा प्रश्न न्याय्य आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की श्रेष्ठ माणूस जसा वागतो, तसे लोक वागतात. बोलल्याप्रमाणे चालणाऱ्याच्या पायी लागावे, असे तुकोबाही सांगतात. वागण्याने सत्य बदलत नाही, पण सत्य पोचवणारी वाट खुली होते किंवा बंद होते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसले. सल्ला देणारा शास्त्रज्ञ स्वतः भरपूर ऊर्जा वापरतो असे कळले, की लोक त्याचा सल्ला कमी मानतात.

म्हणून सांगणाऱ्याने सांभाळून वागावे, ही त्याची जबाबदारी. आणि त्याच्या दोषामुळे खरी गोष्ट टाकून देऊ नये, ही माझी जबाबदारी. त्याने आपली पार पाडली नाही म्हणून मला माझीतून सुटका मिळत नाही.

खरे सांगायचे तर त्या रविवारी मला सुटकाच हवी होती. त्या मुलाचे विमान सापडले आणि माझ्या विमानाचा विषय निघाला नाही! साताऱ्याला माझी थोरली बहीण आहे. तिला भेटायला मी दरवर्षी जातो, विमानानेच. आता दोन छोट्या फेऱ्यांऐवजी एकदाच जाऊन जास्त दिवस राहतो. पण जाणे सोडलेले नाही. म्हणजे हा लेख लिहिणाराही निर्दोष नाही. वाचकहो, तुम्हाला वाटले तर मला हसा, पण कीलिंगच्या नोंदींना हसू नका.

निर्दोष सांगणारा शोधायला निघालो, तर शोध संपतच नाही. २०१९ साली ग्रेटा थुनबर्ग ही मुलगी विमान टाळून प्लिमथहून न्यूयॉर्कला शिडाच्या बोटीने गेली. तर बोट परत आणायला खलाशी विमानाने जाणार, अशी टीका झाली. ज्याला ऐकायचेच नाही, त्याला कारण नेहमी सापडते.

याच्या उलट चूक

एक चूक आपल्या ज्येष्ठांत अधिक होते. सांगणारा भला, शाकाहारी, नित्यनेमाचा माणूस आहे, म्हणून त्याचे सगळेच खरे मानायचे. व्हॉट्सअॅपवर सकाळी सुविचार आणि दुपारी "ही गोळी बंद करा, हा काढा घ्या" असा संदेश एकाच सज्जनाकडून येतो. सुविचार घ्या. गोळीविषयी मात्र डॉक्टरांनाच विचारा. चांगल्या माणसाचे चुकीचे सांगणे चुकीचेच असते, जसे सदोष माणसाचे बरोबर सांगणे बरोबरच असते. हंस दूध आणि पाणी वेगळे करतो, असे आपण म्हणतो. तो भांडे सोन्याचे की मातीचे हे पाहत बसत नाही.

स्वाध्यायासाठी प्रश्न

पुढील सभेपूर्वी यांवर विचार करून यावे. घरात नातवंडांबरोबर चर्चा केली तर उत्तम.

१. सांगणारा आवडत नाही म्हणून मी एखादे खरे सांगणे कधी नाकारले आहे का? त्याने नुकसान कोणाचे झाले?

२. तेच सांगणे माझ्या आवडत्या माणसाने सांगितले असते, तर मी मानले असते का?

३. समोरचा मला एखादी गोष्ट घडते आहे असे सांगतो आहे, की माझ्याकडून काही मागतो आहे? दोन्हींची कसोटी एकच आहे का?

४. त्याच्या दोषाकडे बोट दाखवताना मी माझे कोणते काम टाळतो आहे?

५. मी स्वतः इतरांना काय सांगतो आणि त्यांतले किती पाळतो? पाळत नसेन, तर ते आधी कबूल करून सांगता येईल का?

शेवटी एक कबुली आणि एक विनंती

पत्नी बरी झाल्यावर पुढच्याच महिन्यात मी त्याच सभागृहात, त्याच जागी उभा राहून त्या तरुणाची माफी मागितली. सगळ्यांसमोर हसवले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर. तो म्हणाला, "काका, विमानाचं तुमचं म्हणणं बरोबर होतं. पण तेवढंच बरोबर होतं." पुढच्या वर्षी तो सुटीला आगगाडीने गेला. हे त्याने कोणाला सांगितले नाही; मला त्याच्या आईकडून कळले.

त्याच्या कागदावरच्या सूचना इथे माझ्या शब्दांत देतो. कापून फ्रिजवर लावाव्यात. कडक उन्हाच्या दिवशी उन्हाच्या बाजूचे पडदे सकाळीच ओढून घ्या. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल तोवर खिडक्या बंद ठेवा आणि रात्री गार झाल्यावर उघडा. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी घेत राहा. डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, किंवा लघवीची वा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर उन्हाळ्यापूर्वीच त्यांना विचारून ठेवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. दुपारी ११ ते ३ बाहेर पडणे टाळा. चक्कर, डोकेदुखी किंवा उलटीसारखे वाटले तर गार जागी आडवे व्हा, अंग ओल्या कपड्याने पुसा. अर्ध्या तासात बरे वाटले नाही किंवा माणूस गोंधळल्यासारखे बोलू लागला, तर संकोच न करता ९९९ ला फोन करा.

आता विनंती. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी मंदिराच्या कल्याण निधीतून यंदाच्या उन्हाळ्यासाठी फोनसाखळी सुरू होत आहे. लाल किंवा पिवळसर इशाऱ्याच्या दिवशी प्रत्येक ज्येष्ठाला सकाळी आणि संध्याकाळी एक फोन जाईल. त्यासाठी रोज अर्धा तास देऊ शकतील असे स्वयंसेवक हवे आहेत. घरात वापरात नसलेला पण चालू स्थितीतला टेबलफॅन, खोलीचा थर्मामीटर किंवा जाड पडदे कोणाकडे असतील, तर रविवारी कार्यालयात आणून द्यावेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी आरतीच्या तबकाशेजारच्या पेटीत यथाशक्ती द्यावे. ज्यांना फोन हवा आहे त्यांनी आपले नाव न लाजता कार्यालयात नोंदवावे. इथे कोणी कोणावर उपकार करत नाही.

फोनसाखळीत पहिले नाव मी माझे घातले आहे, फोन करणाऱ्यांच्या यादीत. सकाळी तुमचा फोन वाजला आणि पलीकडून "पडदे ओढलेत का?" असे ऐकू आले, तर तो मीच असेन. मी साताऱ्याला विमानाने जातो हे तुम्हाला आता ठाऊक आहे. तरी पडदे ओढा.

॥ सर्वांचे कल्याण असो ॥